जॉर्ज विन्स्टनचा 'प्लेन्स': पियानोवरचं माळरान की लिफ्टमधलं संगीत?

माळावरचा

सध्या एकच अल्बम सारखा लावतोय, जॉर्ज विन्स्टनचा 'प्लेन्स', १९९९ सालचा. नुसता पियानो, गाणारं कोणी नाही, ड्रम्स नाहीत, व्हायोलिनचा थवा नाही. इथे या संस्थळावर शोधून पाहिलं तर विन्स्टनवर चर्चेचा एकही धागा नाही, मग म्हटलं आपणच काढावा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विन्स्टन (१९४९-२०२३) अमेरिकन, जन्म मिशिगनचा पण लहानपण बरंचसं पूर्व मोंटानात, माइल्स सिटी आणि बिलिंग्ज या गावांत गेलं. १९८० ला विंडम हिल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या तेव्हा छोट्याशाच कंपनीने त्याचा 'ऑटम' काढला आणि तो लाखांनी खपला. मग १९८२ ला 'विंटर इंटू स्प्रिंग' आणि 'डिसेंबर', १९९१ ला 'समर', १९९४ ला 'फॉरेस्ट'. तोवर दुकानदारांनी त्याला 'न्यू एज'च्या खणात टाकून दिलं होतं, योगा क्लास, स्पा, दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम वगैरे. 'फॉरेस्ट'ला ग्रॅमी मिळालं तेही न्यू एज गटातच. तो स्वतः मात्र आपल्या या वाजवण्याला 'रूरल फोक पियानो' म्हणायचा. माझं म्हणणं एवढंच की हे त्याचं बोलणं खरं धरून 'प्लेन्स' ऐका, मग तो आरामाच्या खुर्चीतला अल्बम राहत नाही.

म्हणजे बघा, यात 'डब्यूक' आहे, मिडवेस्टकडची जुनी फिडलची (म्हणजे गावाकडच्या व्हायोलिनची) धून, नाचायची. एक हवाईकडचं पारंपरिक गाणं आहे. गार्थ ब्रुक्समुळे कंट्रीवाल्यांच्या घराघरात पोचलेलं 'द डान्स' आहे, सारा मॅक्लाकलनचं 'एंजल' आहे, 'टीच मी टुनाइट' आहे, आणि मध्ये मध्ये त्याच्या स्वतःच्या रचना, 'प्लेन्स (ईस्टर्न मोंटाना ब्लूज)', 'क्लाउडबर्स्ट', 'रेनसाँग'. ध्यानधारणेसाठी अल्बम काढणारा माणूस असली यादी करेल का? ही गावातल्या वाजवणाऱ्याची यादी आहे, थोडं म्हाताऱ्यांकडून आलेलं, थोडं रेडिओवरून उचललेलं, थोडं कोणी लांबून आणलेलं, आणि सगळं एकाच माणसाने वाजवलेलं त्यामुळे एकाच मातीचं वाटणारं.

आता माळरान कुठे आलं यात? पाऊस दाखवायचा तर टपटप, वारा दाखवायचा तर सूं सूं, असला चित्रपटी प्रकार तो फारसा करत नाही. डावा हात एक साधा नमुना धरतो आणि सोडतच नाही, कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बदलायला भरपूर वेळ घेतो, उजव्या हातात मोजके सूर, पाय पेडलवर. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, बासरीसारखा धरून ठेवता येत नाही, आणि बरेच पियानिस्ट ती पोकळी भरायला धावतात. हा धावत नाही. पुढचा सूर यायच्या आत मागचा किती लांब गेला ते नीट ऐकू येतं, मला अंतर ऐकू येतं ते तिथे.

स्पॉटिफायवर आहे. ऐकून सांगा, शिव्याही चालतील.

तुकतुकीत

मस्त लिहिलंय, वाचतेय. 'डिसेंबर'मधलं 'थँक्सगिव्हिंग' आणि तो पाखेलबेलचा कॅनन एवढंच माहीत होतं, तेही कोणाच्या तरी रिंगटोनमुळे :)

पण एक शंका. हल्ली ते शांत पियानो, झोपेचा पियानो, अभ्यासाचा पियानो असल्या प्लेलिस्ट लावल्या की शेकडो लोक हेच तर वाजवत असतात, वर धुक्यातल्या झाडाचा फोटो. हा त्यांच्याहून वेगळा कशावरून? मला खरंच कळत नाही म्हणून विचारतेय, भांडायला नाही.

निरुपयोगी

ताई, वेगळा नाहीच. हाच तर त्या सगळ्यांचा मूळपुरुष.

माळावरचे, तुमचं लेखन चांगलं आहे पण वकिली करताय. तीन कॉर्ड, पेडल दाबून ठेवायचं, वर ऋतूचं नाव द्यायचं. लोकसंगीत पियानोवर आणायचं म्हणजे काय ते बघायचं तर बार्टोक या हंगेरियन संगीतकाराकडे जा. १९०४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानावर ट्रान्सिल्व्हेनियाकडच्या मुलं सांभाळणाऱ्या एका तरुणीचं गाणं पडलं, लिडी डोशा तिचं नाव, आणि याच्या लक्षात आलं की आपण शहरात ज्याला हंगेरियन लोकसंगीत म्हणतो ते बरंचसं जिप्सी बँडवाल्यांनी हॉटेलांत वाजवलेलं आहे, लिस्ट या संगीतकाराच्या ऱ्हॅप्सोड्याही त्याच पायावर उभ्या. शेतकऱ्याचं गाणं वेगळंच आहे. मग गडी कोडाय या संगीतकार मित्राला सोबत घेऊन फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या उचलून गावोगाव हिंडला, हंगेरियन, स्लोवाक, रोमानियन, पुढे १९१३ ला अल्जीरिया, १९३६ ला तुर्कस्तान. हजारो गाणी उतरवली. आणि मग पियानोवर काय केलं? १९१५ ची रोमानियन लोकनृत्यं घ्या, सगळी मिळून पाचेक मिनिटांत संपतात, एक सूर जास्तीचा नाही. मुलांसाठी म्हणून १९०८-०९ मध्ये ८५ छोटे तुकडे लिहिले, लहान हातांना जमतील असे, त्यातला कुठलाही अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या, त्यात चिखल आहे, घाम आहे. विन्स्टनमध्ये नुसतं दृश्य आहे, तेही गाडीच्या काचेतून.

गडकिल्ला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माळावरचा

@निरुपयोगी, बार्टोकला दंडवतच आहे, त्यात वाद नाही. पण तुम्ही मापच चुकीचं लावताय असं वाटतं. बार्टोक शहरातून गावाकडे गेला, शिकलेला संगीतकार वही-पेन्सिल घेऊन शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला, म्हणून ते त्याचं संशोधन. विन्स्टनला जावं लागलं नाही, तो तिथेच वाढला, आणि १९५०-६० च्या दशकातल्या मोंटानात लहान मुलाच्या कानावर लोकसंगीत पडायचं ते रेडिओतून आणि रेकॉर्डमधून. त्यामुळे त्याच्या यादीत फिडलच्या धुनेशेजारी पॉप गाणं असणं हेच तिथलं खरं लोकसंगीत.

दुसरं, त्याची वंशावळ बघा. लहानपणी पियानो शिकलेला नाही. शाळा संपल्यावर १९६७ ला डोर्स या रॉक बँडचा अल्बम ऐकून ऑर्गन वाजवायला लागला, १९७१ ला फॅट्स वॉलर आणि टेडी विल्सन या पियानिस्टांचं जुनं स्ट्राइड (डावा हात खालचा सूर आणि कॉर्ड यांत उड्या मारत ठेका धरतो ते जॅझ पियानोवादन) ऐकलं आणि ऑर्गन सोडून पियानोवर आला. पहिला अल्बम १९७२ चा, कोणाच्या कंपनीकडे? जॉन फेहीच्या टाकोमाकडे. हे महत्त्वाचं आहे. फेही म्हणजे स्टीलच्या तारांची गिटार एकट्याने घेऊन बसणारा, जुने ब्लूज, चर्चची भजनं, लोकधुना यांतून गाण्याशिवायचं लांबलचक काहीतरी विणणारा माणूस. विंडम हिलचा मालक विल अ‍ॅकरमन हाही मूळचा त्याच वाटेवरचा गिटारवाला. म्हणजे विन्स्टनचा 'नुसता एकटा पियानो' हा शोपँकडून आलेला नाही, फेहीच्या गिटारकडून आलाय. ती डाव्या हाताची न सोडलेली चाल ऐका, ती खालच्या तारांवर ठेका धरणारा गिटारवाल्याचा अंगठा आहे.

@तुकतुकीत, तुमच्या शंकेचं उत्तरही यातच आहे बहुतेक. प्लेलिस्टवाल्यांचा डावा हात कापसाचा असतो. याच्या हातात स्ट्राइड आहे, १९७७ ला वाजवणंच बंद केलं होतं आणि १९७९ ला न्यू ऑर्लीन्सच्या प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवाल्याच्या रेकॉर्ड ऐकून परत सुरू केलं असा माणूस आहे तो. हळू वाजवतानाही ठेका आतून चालू असतो. 'डब्यूक' लावा आणि पाय हलत नाही का बघा.

बिस्मार्ककर

अरे वा, या धाग्यावर लिहायलाच हवं. मी नॉर्थ डकोटात राहते, माइल्स सिटी आमच्यापासून इंटरस्टेट ९४ ने पश्चिमेला चार-साडेचार तासांवर, बऱ्याचदा जाणं होतं.

आधी एक आकडा देते म्हणजे अंदाज येईल. मोंटाना राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ८० हजार चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राहून (३ लाख ८ हजार) बरंच मोठं, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं किती तर ११ लाखसुद्धा नाहीत. पुणे शहराच्या निम्म्याहून कमी लोक अख्ख्या राज्यात, आणि त्यातले बहुतेक पश्चिमेला डोंगरांकडे. पूर्व मोंटानात तर कोणीच नाही हो. माइल्स सिटी म्हणे सिटी, वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास, आणि त्या भागातलं ते मोठं गाव!

लोकांना वाटतं प्लेन्स म्हणजे पोळपाट. तसं नाहीये. मेडोरा गेलं की बॅडलँड्स लागतात, राखाडी-तांबड्या पट्ट्यांचे झिजलेले डोंगर, मग परत गवत, ग्लेन्डाइव्हजवळ यलोस्टोन नदी भेटते आणि तिथून पुढे ती सोबत करते, नदीच्या कडेला कॉटनवूडची झाडं, बाकी झाड शोधावं लागतं. गवत हिरवं फक्त थोडे दिवस, नंतर सगळं पिवळट. आणि आभाळ. उन्हाळ्यात पाऊस येतो तो आधी लांबून दिसतो, खरंच दिसतो, एका बाजूला काळा पडदा आणि आपल्यावर लख्ख ऊन, गाडी चालवत राहायचं आणि तो आपल्याकडे येतोय की चाललाय याचा अंदाज घेत बसायचं. 'क्लाउडबर्स्ट' मी याच रस्त्यावर ऐकलंय आणि निरुपयोगी यांच्या 'गाडीच्या काचेतून' या टोमण्याला माझं उत्तर असं की तिथे जमीन गाडीच्या काचेतूनच कळते, चालत कुठे जाणार, पुढचं गाव पन्नास मैलांवर :)

त्याची एक मैफलही ऐकलीये, बरीच वर्षं झाली. जीन्स, साधा शर्ट, बूट काढून नुसत्या मोज्यांवर स्टेजवर आला. तिकिटासोबत सूचना असायची की येताना डबाबंद खाणं घेऊन या, ते तिथल्या स्थानिक फूड बँकेला जायचं, त्यामुळे दाराशी बीन्सच्या डब्यांचा ढीग. मध्येच पियानो सोडून हार्मोनिका वाजवली, मग हवाईयन गिटार. आणि एका तुकड्यात उभा राहून डावा हात पियानोच्या आत घातला, तारा बोटांनी दाबून धरल्या आणि उजव्या हाताने पट्ट्या वाजवल्या, आवाज एकदम लाकडी, ठकठक. नवऱ्याने कानात विचारलं, बिघडला का पियानो?

पेटीवाला_काका

धागा उत्तम. मंडळी, माझं वय झालं त्यामुळे जरा आडवं बोलतो, सांभाळून घ्या.

पियानो ऐकायला मला आवडतो, पण त्यावर लोकसंगीत म्हटलं की माझा कान अडतो. लोकगीत गळ्यातून येतं आणि गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरळ उडी मारत नाही, घसरत जातो. पियानोच्या ८८ पट्ट्यांत ती घसरण नाही. हाच आरोप आमच्या पेटीवर झाला ना, ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून पेटीला बंदीच घातली, १९७१ मध्ये कुठे ती सैल झाली. आणि त्याच काळात आपल्या संगीत नाटकात ऑर्गन साथीला होता, पायाने भाता हाणायचा, बालगंधर्वांच्या गाण्यामागे तो भरदार सूर ज्यांनी ऐकला त्यांना बंदीचं कौतुक नाही. सांगायचा मुद्दा, वाद्यात मींड, म्हणजे ती घसरण, नाही म्हणून ते बाद असं मी म्हणणार नाही. पण मग वाजवणाऱ्याने काहीतरी युक्ती शोधली पाहिजे.

संतूरचं तेच. शिवकुमार शर्मांनी १९५५ ला मुंबईत पहिल्यांदा वाजवलं तेव्हा जाणकारांनी हाच आक्षेप घेतला, की हे काश्मिरातलं लोकवाद्य, आघाताचं, यात सूर लांबवता येत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं खपून त्यातून रस्ता काढला. आणि माळरान-डोंगर म्हणाल तर १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' आहेच की, शिवकुमार, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरवापासून सुरू होतो आणि पहाडीवर संपतो. आपल्याकडे निसर्ग असा प्रहरांतून येतो, सकाळचा राग, रात्रीचा राग. या विन्स्टनसाहेबांनी तो ऋतूंतून आणलेला दिसतो, ऑटम, विंटर, समर. बर्फाच्या देशात माणूस ऋतूच मोजणार.

अल्बम ऐकला. 'रेनसाँग' दोनदा ऐकलं. वाईट नाही.

माळावरचा

काका, तुमच्या तोंडून 'वाईट नाही' म्हणजे ग्रॅमीच :) प्रहर आणि ऋतू हे डोक्यातच आलं नव्हतं.

निरुपयोगी

काकांच्या युक्तीच्या मुद्द्यावर भर घालतो, कारण ही युक्ती ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराने शोधली होती आणि विन्स्टनच्या भक्तांना ती माहीत असायला हवी.

नॉर्वेत हार्डांगर फिडल असतं, वरच्या चार तारा वाजवायच्या आणि खाली चार-पाच तारा नुसत्या गुणगुणायला, म्हणजे आपल्या सारंगी-सतारीच्या तरफा. टेलेमार्क भागातला क्नुत दाले नावाचा म्हातारा फिडलवाला, त्याला काळजी लागली की आपल्या मागे या धुना जाणार. त्याने ग्रीगला पत्रं लिहिली, १८८८ ला पहिलं. शेवटी १९०१ मध्ये योहान हाल्वोर्सेन या व्हायोलिनवाल्याने त्याच्याकडून १७ धुना उतरवून घेतल्या आणि ग्रीगने १९०२-०३ मध्ये त्या पियानोवर आणल्या, 'स्लोटर', ओपस ७२. छापताना हाल्वोर्सेनची मूळ फिडलची प्रतही सोबत छापायला लावली, म्हणजे कोणीही ताडून बघावं. आणि ऐकायला काय आहे! बोचरे सूर एकमेकांना खेटून, डावा हात पंचम धरून बसलेला, गुळगुळीत काहीच नाही. 'लिरिक पीसेस'वाला गोड ग्रीग तो हाच का असा प्रश्न पडतो.

युक्ती अशी की पियानोचं उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात, दोनशेच्या वर तारा मोकळ्या, एक सूर वाजवला की नात्यातल्या बाकीच्या आपोआप झणझणतात. पेडल दाबलेला पियानो म्हणजे एक अवाढव्य तरफ आहे. मींड नसली तरी हे आहे, आणि गावाकडच्या वाद्यांत भोवती सतत काहीतरी घुमत असतं ते इथून मिळतं.

आता यावरून कोणी म्हणेल की विन्स्टनही तेच करतो. करतो, मान्य. पण ग्रीग त्या घुमण्यात भांडण लावतो, सुरांना एकमेकांवर घासू देतो. हा सगळ्यांची समजूत काढतो. 'ऑटम' मला अजूनही गुळचट वाटतो.

मडगांवकार

नमस्कार, गोव्याहून. आमच्याकडे पियानो परका नाही म्हणून दोन शब्द. पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेजो (सूर वाचून गाणं), नोटेशन, व्हायोलिन शिकवायचे, साष्टीतल्या मोठ्या घरांत साल्यात पियानो असायचाच, काही घरांत अजून आहे. पण मांडो (आमचा गाण्या-नाचाचा प्रकार) घराबाहेर पडला की साथीला व्हायोलिन आणि घुमट, पियानो दिवाणखान्यातच राहिला, तो उचलून नेणार कोण? आणि समुद्राची दमट हवा, वर्षभर सूर टिकत नाही, ट्यून करणारा माणूस शोधेपर्यंत पुढचा पावसाळा येतो.

म्हणून मला गंमत वाटते, तुमचा तो मोंटानाचा पियानो कोरड्या हवेचा आहे. ऐकताना ते जाणवतं की मीच जाणवून घेतोय माहीत नाही.

झिम्मा

मी आठ-दहा दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही.

बार्टोकच्या नळकांड्यांवरून आठवलं ते आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी तासन्‌तास ध्वनिमुद्रण केलं, आणि आता 'परी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायला-वाचायला मिळतात. कोणी ऐकल्या नसतील तर हा धागा बंद करून आधी त्या ऐका (आणि मग परत या). निरुपयोगी यांना चिखल आणि घाम हवा होता ना, मुळशीच्या बायका गातायत, मागे जात्याची घरघर, मध्येच कोणी खोकतंय, कोणी हसतंय.

माझ्याकडे डिजिटल पियानो आहे, विद्यार्थिनीच आहे अजून, तर त्यातली एक चाल पियानोवर बसवायचा उद्योग केला. पहिल्यांदा छान कॉर्ड लावल्या, मेजर-मायनर, आणि ती ओवी थेट सिरियलचं शीर्षकगीत झाली. कॉर्ड लावली की चाल कुठेतरी 'पोचायला' बघते, आणि ओवीला कुठेही पोचायचं नसतं, दळण संपेपर्यंत फिरायचं असतं. मग सगळ्या कॉर्ड काढून टाकल्या, डाव्या हातात फक्त सा-प, तोही एकसारखा नाही, जातं फिरवताना हात पुढे जाताना जोर लागतो आणि परत येताना सुटतो तसा वजन बदलत, आणि उजव्या हातात चाल, पण ती डाव्या हाताच्या ठेक्यात बांधायची नाही, उशिरा यायचं, ओढायचं. घसरण जिथे होती तिथे कण (शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श) लावला. काका, तुमचा आक्षेप खरा आहे, ती घसरण गेलीच, कणाने भागत नाही. पण घरघर आली! आणि गंमत म्हणजे हे करून झाल्यावर 'प्लेन्स' परत लावला तर त्याचा डावा हात मला समजला. तो कॉर्ड बदलायला वेळ घेतो असं माळावरचे म्हणतात ना, ते आळसाने नाही, बदलली की धून कुठेतरी पोचते म्हणून.

पेटीवाला_काका

शाब्बास. ध्वनिमुद्रण टाका इथे. आणि सा-प ऐवजी एकदा सा-म धरून बघा, कित्येक ओव्यांच्या चालींना मध्यम जास्त मानवतो.

गडकिल्ला

सर्व मान्यवरांना विनंती, माणदेशावर असा अल्बम कोणी काढा. म्हसवड ते आटपाडी, बाभळी, मेंढरं, कोरडी माणगंगा, आणि शेवटच्या ट्रॅकला टँकर येतो.

बिस्मार्ककर

@गडकिल्ला हसू नका, टँकरचा ट्रॅक हिट होईल.

झिम्मा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावरून आठवलं, मोंटानाचाच अजून एक पियानिस्ट आहे, फिलिप आबर्ग, चेस्टर नावाच्या गावचा. ते वर कॅनडाच्या सीमेजवळ, हायवे २ वर, त्या पट्ट्याला हाय-लाइन म्हणतात, गहू, धान्याचे उंच कोठार-मनोरे आणि मैलभर लांब मालगाड्या. त्याचा 'हाय प्लेन्स' (१९८५) हाही एकट्या पियानोचा, विंडम हिलचाच. हार्वर्डला शिकलेला माणूस, बोटं जास्त चपळ, विन्स्टनपेक्षा अवघड वाजवतो. तुलना करून बघा. मला स्वतःला आबर्गमध्ये वारा जास्त ऐकू येतो आणि विन्स्टनमध्ये शांतता, पण हे माझं आपलं.

तुकतुकीत

'हाय प्लेन्स' यादीत टाकला.

मी काल रात्री 'प्लेन्स' पूर्ण ऐकला. माझं मत सांगू का? मधले दोन-तीन ट्रॅक मला अजूनही वेटिंग रूमचेच वाटले, सॉरी. 'एंजल' तर मूळ गाण्याचे शब्द डोक्यात वाजत राहतात आणि पियानो मागे पडतो. पण 'डब्यूक'ला पाय हलला, आणि शीर्षकाचा जो ट्रॅक आहे ना, 'ईस्टर्न मोंटाना ब्लूज', तो झाला आणि मी पुढचा लावायला विसरले म्हणण्यापेक्षा लावावासा वाटला नाही. आता पुढे काय ऐकू? आणि याच्या नोट्स मिळतात का, भाचीला शिकायचंय.

माळावरचा

'एंजल'बद्दल सहमत, तो ट्रॅक मीही उडवतो. ज्याचे शब्द सगळ्यांना पाठ आहेत असं गाणं पियानोवर नुसतं वाजवणं म्हणजे श्रोत्याला गाळलेल्या जागा भरायला बसवणं.

नोट्सचं पुस्तक बाजारात आहे, पण तो स्वतः कानाने शिकलेला आणि कानानेच शिका म्हणणारा. भाचीला आधी ऐकून डावा हात शोधायला सांगा, उजवा सोपा आहे.

पुढे काय ऐकायचं तर माझा क्रम असा, 'डिसेंबर' परत ऐका पण ख्रिसमस विसरून. त्यातलं 'कॅरोल ऑफ द बेल्स' हे मूळचं युक्रेनचं नव्या वर्षाचं लोकगीत, लेओन्तोविच या संगीतकाराने समूहगानासाठी बांधलेलं. 'जीझस, जीझस, रेस्ट युवर हेड' अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतलं. 'द हॉली अँड द आयव्ही' इंग्लंडचं. म्हणजे ज्याला लोक सणाचा गोड अल्बम समजतात त्याच्या पोटात तीन देशांची गावं आहेत. मग 'फॉरेस्ट'मधली जपानी अंगाई, क्युशू बेटावरच्या इत्सुकी गावची, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला ठेवलेल्या गरीब पोरींनी म्हटलेली. हे कळल्यावर ती छोटीशी म्युझिक बॉक्ससारखी वाजवलेली चाल मला तरी गोड लागेना.

आणि बिस्मार्ककर यांनी हवाईयन गिटारचा उल्लेख केला ते तर वेगळ्या धाग्याचं काम आहे. स्लॅक-की म्हणतात, गिटारच्या तारा सैल करून उघड्या कॉर्डमध्ये लावायच्या, मेक्सिकोहून गुरं राखायला आलेल्या गुराख्यांनी १८३० च्या दशकात गिटार हवाईला नेली आणि तिथल्या लोकांनी तिचं स्वतःचं काहीतरी केलं. विन्स्टनने डान्सिंग कॅट नावाची कंपनी काढून तिथल्या उस्तादांचं वादन ध्वनिमुद्रित केलं, रे काने, सनी चिलिंगवर्थ, लेनर्ड क्वान, सिरिल पाहिनुई, केओला बीमर. काही तर तेव्हा म्हातारे झालेले. पियानोच्या अल्बममधून आलेले पैसे तिकडे गेले असतील तर निरुपयोगी, तुमच्या बार्टोकच्या नळकांड्यांना हा काही अगदीच परका माणूस नाही.

निरुपयोगी

डान्सिंग कॅटचं माहीत नव्हतं. चांगलं काम आहे, त्याबद्दल माणसाला मार्क दिले.

संगीताला नाही दिलेले. फक्त काल 'समर'मधलं 'लिव्हिंग इन द कंट्री' लागलं आणि ते बरं वाटलं, लगेच बघितलं तर ते पीट सीगर या अमेरिकन लोकगायकाचं निघालं. तेव्हा श्रेय सीगरला.

झिम्मा, काकांनी सांगितलेला सा-म लावून झाला का? टाका ती फाइल.

झिम्मा

लावला. काका बरोबर आहेत, मध्यमाने चाल एकदम घरात आली. फाइल रविवारी टाकते, आत्ता शेजारी ड्रिल मशीन चालू आहे.